गोड नावाची पाटी

उत्तराबाई डोंबिवलीच्या कॉलेजात बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, पण स्वस्थ बसतील त्या बाई कसल्या! झाडांना लॅटिन नावांच्या पाट्या लावत हिंडतात आणि रंगाचा डबा धरायला मला, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला, सोबत नेतात. वाटेत गोडाचे शब्द सोलत बसतात. उसाच्या नावातलं 'सॅकॅरम' म्हणजे आपलीच शर्करा, ग्रीकांच्या हातून रोमला पोचलेली. 'सुआविस' आपल्या 'स्वादु'चा चुलतभाऊ. 'दुल्किस' कुठून आला ते मात्र पंडितांनाही नक्की ठाऊक नाही, आणि बाईंचा लाडका नेमका तोच.

त्यांचा एक हट्ट आहे. नावात गोड असेल तर फळ चाखल्याशिवाय पाटी लिहायची नाही. गेल्या वर्षी ताप आला आणि त्यांची चवच गेली. हे फक्त मला ठाऊक होतं. कुणाला बोललीस तर याद राख, असा दमही मिळाला होता. चव गेल्याचं कळलं की आपल्या पाट्या संपल्या, अशी त्यांना धास्ती. मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा.

ठाण्याजवळच्या कोलशेतला सगुणाआजी नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या अंगणात विलायती चिंचेची दोन झाडं आहेत, लॅटिनमध्ये 'पिथेसेलोबियम दुल्के', म्हणजे तोच लाडका 'दुल्किस'. आम्ही पाटी लावायला गेलो तेव्हा दारातल्या झाडाचा आकडा तोडून आजींनी पुढे केला. बाईंनी गर चावला, डोळे मिटले.

"वा! काय गोड आहे हो!"

आजी बघतच राहिल्या. "बाय, या झाडाच्या चिंचा तुरट. पोरा पन तोंड नाय लावत."

बाईंचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्या हळूच म्हणाल्या, "मला चव कळत नाही हो. वर्ष झालं." माझ्या तोंडाला वर्षभर कुलूप, आणि स्वतः अर्ध्या तासाच्या ओळखीत सांगून मोकळ्या! मला रागच आला.

कुंपणाजवळच्या दुसऱ्या झाडाचा आकडा तोडून आजींनी सोलला, गर स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश चघळला.

"आधी जरा कोरडा लागतो. मंग गोड. मागशी घशाला थोडी ओढ. ही खरी गोड हाय. लिव आता."

बाईंनी ब्रश उचलला, पण पाटीला लावला नाही.

"परत सांगा ना," त्या म्हणाल्या. "आधी काय लागतं?"

आजींनी दुसरा आकडा सोलायला घेतला.