जागा नाही, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, रोज फोनवर बोलते त्या बहिणीलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही — किंवा ओळखत असाल तर वेळेवर पोचणारी, कामं नीट वाटून देणारी बाई म्हणून. ती ओळख खोटी नाही. एखादी गोष्ट गुपचूप, एकही धागा बाहेर न ठेवता उरकायची असेल, तर असंच माणूस लागतं.

नवऱ्याच्या गाड्यांच्या कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावी आलो. इथल्या मराठी मंडळात जे काम कुणी घेत नाही ते माझ्याकडे येतं — हॉलचं बुकिंग, कागदी प्लेट्स, दिवाळी अंक. अंकाची संपादक मीच, बरीच वर्षं. शिवाय हिवाळ्यात आमच्या बेसमेंटमध्ये महिन्यातून एकदा सिनेमा. सिनेमा मी निवडायचे, आणि त्याच्यावर इंग्रजी वर्तमानपत्रांत आलेली परीक्षणं आधी सगळ्यांना पाठवायचे. म्हणजे बघण्याआधीच काय वाटायला हवं ते ठरलेलं. बरं असतं ते, नाही?

काही वर्षांपूर्वी एक ब्रिटिश सिनेमा लावला होता. उत्तर इंग्लंडमधलं गाव, नोकरी गेलेला बाप, तीन मुलं, आई दुसऱ्यांची ऑफिसं साफ करणारी. पार्श्वसंगीत नाही, मोठं भांडण नाही. समीक्षकांचे दोन तट पडले होते. काहींनी भरभरून कौतुक केलं होतं — प्रामाणिक, संयत, बापाचं काम करणारा नट विलक्षण. काहींना तो रटाळ वाटला होता. आमच्याकडेही तेच.

"यार, दोन तासांत घडलं काय? बाई भांडी घासते, पोरगा शाळेला दांडी मारतो, संपलं!" एक काका म्हणाले.

"इट्स कॉल्ड रिअ‍ॅलिझम, काका," माझी मुलगी जिन्यावरून म्हणाली. सगळे हसले.

मग प्रज्ञा बोलली. ती इथल्या विद्यापीठात पीएचडी करत होती, विदर्भातल्या एका लहान गावातली, कुणाच्या तरी गाडीतून पहिल्यांदाच आलेली. सिनेमात सरकारी खात्याची एक बाई मुलांची चौकशी करायला घरी येते. आई फुलाफुलांचा चांगला कप काढते, चहा देते. बाई बोलते, कागद भरते, निघून जाते — चहाला हात लावत नाही. एकाही समीक्षकाने या प्रसंगाचा उल्लेख केला नव्हता. आमच्यातल्याही कुणी नाही. प्रज्ञा म्हणाली, सगळ्या सिनेमात तिला तेवढंच दिसत राहिलं. कारण तिच्या घरी शाळेतले गुरुजी तिचं नाव पटावर घालायला आले होते. आईने नवा पेला घासून चहा दिला. गुरुजी म्हणाले, आत्ताच घेऊन आलो. "आमच्या बौद्धवाड्यात ते कुणाकडेच काही घेत नसत, काकू. आणि तो चहा आईने आम्हा भावंडांत वाटला. एवढा गोड चहा घरी कधी होत नसे. मी मिटक्या मारत प्यायले. त्याचा अर्थ फार उशिरा कळला मला."

तासभर इंग्लंडमधल्या गरिबीवर बोलणारी माणसं आपापल्या मोज्यांकडे बघायला लागली. आणि मी — यजमानीण — काय म्हणाले? "चला, पाव गरम आहेत तोवर जेवून घेऊ."

तरी निघताना मीच तिला म्हणाले, हे अंकासाठी लिहून दे. मनापासून म्हणाले. की जेवताना ती गप्प बसली होती म्हणून म्हणाले? खरंच सांगता येत नाही.

तिने लिहून पाठवलं. मी एका शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचलं. इतकं चांगलं लिखाण आमच्या अंकात कधी आलं नव्हतं. त्यात एक वाक्य होतं — अपमान करायला आवाज लागत नाही, भरलेला कप पुरतो. ते वाचून मी उठले, खिडकीशी गेले, परत येऊन बसले.

पुण्यात आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा असायचा. मागच्या खिडकीत, उपडा. त्यांना चहा रोज मिळायचा, आलं घातलेला, आमच्यासारखाच. कप मात्र तो. तो कप मीही कितीदा भरलाय, आणि वरून, हात लागणार नाही असा. प्रज्ञाने असल्या कपाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. तरी मला वाटलं, हिने आमची खिडकी बघितली आहे.

मग मी काय केलं ते सरळ सांगते. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. समितीने लेख बघितलासुद्धा नव्हता. मी तिला फोन केला आणि म्हणाले, "अगं, अंकात जागाच उरली नाही. पुढच्या वर्षी नक्की घेऊ हं." ती म्हणाली, "चालेल काकू, काही हरकत नाही." आणि मी स्वतः त्या सिनेमावर लेख लिहिला. तिची आई काढली, गुरुजी काढले, वाडा काढला. तो न घेतलेला चहा ठेवला. ते वाक्य ठेवलं. खाली माझं नाव घातलं.

छपाईची पानं चारच्या पटीत लागतात. शेवटी एक पान उरलं. त्यावर मी वर 'नोंदींसाठी' असं छापलं आणि कोरं सोडलं.

लेख गाजला. दुसऱ्या राज्यांतल्या मंडळांतून फोन आले. तेच काका म्हणाले, "इंग्रजी समीक्षकांना जे दिसलं नाही ते आमच्या वहिनींनी पाहिलं!" नवऱ्याने ते कपाचं वाक्य कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. मी हात जोडलेला इमोजी पाठवला.

दिवाळीच्या कार्यक्रमाला प्रज्ञा आली होती. शाळेच्या कॅफेटेरियात, फराळाच्या रांगेजवळ, तिने उभ्याउभ्या माझा लेख वाचला. पुढची पानंही उलटली, शेवटपर्यंत. कोऱ्या पानाशी थांबली. मग माझ्यापाशी आली. भोवती पाच-सहा जण होते. तिला सगळं बोलता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "काकू, ती बाई चहा का घेत नाही, ते राहिलं."

मी हसले. म्हणाले, "अगं, सरकारी बाई ती. घाईत असणार!" भोवतीचे हसले. कुणीतरी तिच्या प्लेटमध्ये चकली वाढली. तिने अंक मिटून टेबलावर ठेवला, इतर प्रतींच्या वर, कडा जुळवून. घरी नेला नाही.

ती परत मंडळात आली नाही. कुणी विचारलं तर मी म्हणायचे, विद्यार्थी आहेत, अभ्यास असतो. हेही खोटंच. ती का येत नाही ते मला जितकं ठाऊक होतं तितकं दुसऱ्या कुणालाच नव्हतं. पुढे ती पदवी घेऊन कॅलिफोर्नियाला गेली, असं ऐकलं.

आता मंडळ निवडक लेखांचं पुस्तक काढतंय. पहिली निवड माझ्या त्या लेखाची झाली. मी म्हणाले, तो जुना झालाय, राहू दे. नम्र आहे, असं समितीला वाटलं. त्यांना तसं वाटू दिलं.

त्या आठवड्यात मी तिचा लेख शोधला. नाही सापडला. सापडणार कसा? अंक छापायला गेला त्या दिवशी मीच तो कॉम्प्युटरवरून पुसला होता, आणि मग कचरापेटीही रिकामी केली होती. छापलेलं राहिलंय ते माझं. आईचा भाग कुठेच नाही. तिच्याकडे प्रत असेलही. तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही. हे वाचून तिने मला काही म्हणावं असंही नाही.

लेखाच्या पहिल्याच ओळीत तिने आईचं नाव लिहिलं होतं — नुसतं 'माझी आई' नाही, पूर्ण नाव. मी सगळ्यात आधी तेच खोडलं. गेले काही दिवस आठवायचा प्रयत्न करतेय. ते नाव मला आठवत नाही.