टाकी धुतली, डोळा धुतला

गावाच्या पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे ज्याला आमच्याकडे टीसीएल म्हणतात ती, किती टाकायची याचा हिशोब सोपा आहे. हजार लिटरला पाच ग्रॅम. आमची टाकी पन्नास हजार लिटरची, म्हणजे पाव किलो. एरवी पाणी सोडणारा माणूस आठवण झाली तर मूठभर टाकतो, न झाली तर टाकत नाही. पण पुण्याहून संशोधक येणार हे कळलं, तेव्हा त्याने घमेलं भरून टाकली.

आमचं गाव भीमेच्या काठी, मांडवगण फराट्याच्या अलीकडे. पुण्यातली माणसं जे काही धुतात, ते शेवटी आमच्या घाटावरून पुढं जातं. उन्हाळ्यात जलपर्णी इतकी दाट होते की बगळे तिच्यावरून चालत पलीकडं दौंड तालुक्यात जातात. तर नदीच्या पाण्यातली रसायनं, त्या पाण्यातले जंतू आणि काठच्या लोकांच्या डोळ्यांचे आजार, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे तपासायचं ठरलं होतं. प्रश्न चांगला होता. मला तर तो फारच चांगला वाटला, कारण त्यातला तिसरा भाग आमच्या घरात होता.

गाईला वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, काढताना बायकोच्या उजव्या डोळ्याला उसाचं पान लागलं होतं. उसाच्या पानाची कड म्हणजे करवत. आधी शेजारच्या काकूंनी मध सुचवला, मग कुणी दुधाची धार, मग मेडिकलवाल्याने स्वतःच्या अकलेने थेंब दिले. हे सगळं पार पडेपर्यंत बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका आला. दौंडच्या डॉक्टरांनी दुसरे थेंब चालू केले आणि म्हणाले, "बुबुळाला जखम आहे. कोणता जंतू आहे ते कळलं पाहिजे, नाहीतर मी अंधारात गोळ्या झाडतोय."

तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू. राहू गावी, माहेरी असताना कुणी लक्षच दिलं नाही. म्हणजे ती जे काही बघते ते उजव्याने, आणि अर्ध्या गावाचे ब्लाऊज शिवते ते त्याच उजव्याच्या भरवशावर. त्यामुळे पथक येणार, सोबत डोळ्यांच्या मॅडम आहेत आणि त्या जखमेचा नमुना घेऊन जंतू शोधणार आहेत असं कळलं, तेव्हा मला देव पावल्यासारखं झालं.

मी रांजणगावला एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. नमुना जसा आहे तसा घ्यायचा, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य कुठे लिहिलेलं नाही, पण पाळलं जातं: ऑडिट असेल त्याच्या आदल्या दिवशी फरशीवरचे पिवळे पट्टे रंगवायचे. गावात त्या आठवड्यात दुसरंच वाक्य चाललं होतं. टाकी आतून घासली. घाटावरची जलपर्णी जेसीबीने ओढून काढली. शाळेच्या नळाला नवी तोटी बसली.

मी सरपंचांना म्हणालो, "आप्पा, ते पाण्यात काय घाण आहे ते बघायला येतायत. आपण घाणच काढून टाकली तर ते बघणार काय?"

"मास्तरकी करू नका हो," आप्पा म्हणाले. मी मास्तर नाही, पण आकडे बोलणाऱ्याला गावात मास्तरच म्हणतात. "पावनं यायच्या आधी अंगण झाडत्यात का न्हाई? का म्हंता, आमचं अंगण रोज कसं असतं ते बगा?"

"ते पाहुणे नाहीत, तपासायला येतायत."

"मंग तर जास्तच झाडलं पायजे!"

 

पथक एका जीपमधून आलं, पण त्यातली तिन्ही माणसं तीन वेगवेगळ्या गावांहून आल्यासारखी वागत होती. पाणीवाले सर फक्त पाण्याकडे बघायचे. जंतूवाले सर थंड पेटीला मुलासारखं कवटाळून बसले होते. मॅडम डोळ्यांशिवाय माणसाचं दुसरं काही बघत नव्हत्या. पहिल्यांदा शाल, श्रीफळ, फेटे. जंतूवाल्या सरांचा फेटा थंड पेटीच्या झाकणात अडकला. मग आप्पांचं भाषण झालं, त्यात 'संशोधन' हा शब्द इतक्यांदा आला की शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवायचं सोडून दिलं. पाहुण्यांना प्यायला जारचं पाणी ठेवलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही, कारण त्यांनी स्वतःच्या बाटल्या आणल्या होत्या. एवढ्या एका बाबतीत गाव आणि विज्ञान यांचं एकमत होतं.

पाणीवाल्या सरांनी टाकीचं पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात क्लोरीन दाखवणारे थेंब टाकले. पाणी असं गडद झालं की ते दोन पावलं मागे सरले. तिकडे मॅडमसमोर बायकांची रांग होती आणि जवळजवळ सगळ्यांचे डोळे लाल. चार दिवस त्या घमेल्याच्या पाण्याने तोंडं धूत होत्या, होणार काय दुसरं! सरांनी रांगेकडे बघितलं, नळीकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की मला घरच्या बारशाची आठवण झाली. दोन्ही गोष्टींचा संबंध सापडला होता.

मी म्हणालो, "सर, एरवी आमच्याकडे इतकी पावडर नसते. तुम्ही येणार म्हणून टाकलीय."

"आम्ही जे मोजतो तेच लिहू शकतो," सर म्हणाले. बरोबरच होतं. मीही ऑडिटवाल्यांकडून हेच वाक्य ऐकत आलोय.

बायकोचा नंबर आला. मॅडमनी डोळा बघितला, भुलीचा थेंब टाकला आणि बारीक पात्याने ठिपक्यावरून खरवडून एका ताटलीत रेघ ओढली. बायकोने माझा हात इतका आवळला होता की बांगडीचा वळ उठला. मॅडम म्हणाल्या, "आठवडाभरात कळवते. ताई, डोळा स्वच्छ ठेवलाय हं तुम्ही." बायको लाजली.

आठवड्याने फोन आला. ताटलीत काहीही वाढलं नव्हतं. टाकीच्या पाण्यातही काही नव्हतं. ही बातमी गावात माझ्याआधी पोचली. आप्पा पेढे घेऊन दारात.

"वैनी, अभिनंदन! गावाच्या पाण्यात जंतू न्हाईत, आन् तुमच्या डोळ्यात बी न्हाईत!"

"मंग हे काय हाय?" तिने डोळ्यावरचा पदर बाजूला केला. ठिपका आता ज्वारीच्या दाण्याएवढा झाला होता.

आप्पांनी पेढ्याचा पुडा तसाच हातात धरला. "आता सरकारी ताटली खोटं बोलंल व्हय, वैनी?" ते हळूच म्हणाले आणि पुडा कट्ट्यावर ठेवून गेले.

कारखान्यात माल खराब आहे हे डोळ्यांना दिसतं आणि चाचणी 'ओके' म्हणते, तेव्हा यंत्रावर ओरडायचं नसतं. नमुना घेण्याआधी कुणी काय केलं, ते विचारायचं असतं. मी जेवताना विचारलं, "पथक आलं त्या दिवशी सकाळी डोळ्याचं काय केलंस?"

"काय म्हंजी?"

"म्हणजे काय घातलंस, कशानं धुतलास."

"गुलाबपाण्यानं धुतला. आन् थेंब घातलं."

"किती वेळा?"

"आता ते काय मोजायचं असतं व्हय? पहाटपसनं घालतच व्हते. बाटली संपिवली. काकूंनी त्यांचं राहिल्यालं बी दिलं." माझा चेहरा बघून ती चिडली. "मंग काय करायचं व्हतं? एवढ्या मोठ्या डाक्टरीनबाई बघणार, आन् मी पुवानं चिकटल्याला डोळा घिऊन बसू? चार बायका काय म्हनत्याल? आन् तुम्ही कशाला तोंड करताय, तुमच्या कंपनीत आडिट असलं की बूट कोण पुसतं? मीच ना?"

मॅडमना फोन केला. त्यांनी गुलाबपाण्याचा आणि थेंबांचा सगळा हिशोब विचारून घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी जखमेचा नमुना घेतलाच नाही. औषधाचा घेतला." उद्याचा पूर्ण दिवस डोळ्यात काही घालायचं नाही, धुवायचं नाही, आणि परवा सकाळी थेट पुण्याला घेऊन या, असं त्यांनी सांगितलं.

तो दिवस तिला जखमेपेक्षा जड गेला. दुखणं होतंच, पण खरा त्रास माणसांचा. ब्लाऊज न्यायला आलेली प्रत्येक बाई म्हणायची, "अगं, डोळा तर धू!" काकू तर तांब्या घेऊनच आल्या. बायको पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. "मला घाण राहायला सांगितलंय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की काकू तांब्या परत घेऊन गेल्या. मला म्हणाली, "ग्येला डोळा तर मशीन ईकू नका लगीच. हातानं चाचपून फॉल लावता येतोय का बघीन." 

पुण्यात मॅडमनी पुन्हा खरवडलं, आणि या वेळी ताटलीची वाटही बघावी लागली नाही. सूक्ष्मदर्शकातच धागे दिसले. उसाच्या पानावरून आलेली बुरशी. त्यांनी मलाही दाखवलं: काचेवर तिच्या शिवणाच्या दोऱ्यासारखे तुटके, फाटे फुटलेले धागे. आतापर्यंतचे सगळे थेंब दुसऱ्याच जंतूंसाठी होते; त्यांनी वरवरची बुरशी धुऊन ताटली कोरी ठेवली, आतली तशीच राहिली, आणि मेडिकलवाल्याचे स्टेरॉइडचे थेंब तर बुरशीला खतपाणी. नवं औषध पांढरं, दुधासारखं, हलवून घालायचं. पापण्यांवर त्याची खपली बसायची आणि ती न पुसता तिने महिने काढले.

डोळा राहिला. बुबुळावर पांढरं फूल पडलं, ते राहिलं. ती सुई आता तारेच्या ओवणीने ओवते आणि काळ्या कापडाला काळा दोरा असेल तर काम दिवसाच करते.

संशोधनाचा निष्कर्ष यथावकाश आला. आमच्या गावाचं पाणी जंतुमुक्त, आणि डोळ्यांच्या लालीचं कारण जास्तीचं क्लोरीन. पहिलं वाक्य आप्पांनी फ्रेम करून ग्रामपंचायतीत लावलं. दुसरं ऐकून पाणी सोडणाऱ्याने पावडर टाकणं पूर्णच बंद केलं, आणि पुढच्या पंधरवड्यात गावाला जुलाब झाले.

नंतर एकदा मॅडमचा फोन आला. दुसरी फेरी करायची आहे, तारीख ठरवून सरपंचांना कळवते, म्हणाल्या. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "मॅडम, कुनालाच कळवू नका. नुसतं या."

त्या खरंच तशा आल्या. तिघंही. टाकीवर शेवाळ होतं, घाटावर बगळे चालत होते, आणि आप्पा लुंगीवरच धावत आले. "आवो, सांगून तरी यायचं! आमची काय अब्रू हाय का न्हाई?" जंतूवाले सर बाटल्या भरताना पहिल्यांदाच हसताना दिसले.

मॅडम सरळ आमच्या घरी आल्या. बायको मशीनवर होती, दातात दोरा, केसांत कापडाची कात्रणं. त्यांना बघून ती ताडकन उठली. "बसा, बसा, जरा तोंड धुऊन—"

मोरीच्या दारात ती थांबली. परत आली, खुर्ची उजेडाकडे ओढली आणि डोक्यावरचा पदर मागे सारला.

"बगा," ती म्हणाली. "हाय तसाच हाय."