पाण्यात भिजवलेली नावं

नात इरा जुनी सायकल नव्याने रंगवते आहे. आज तिने फ्रेमवर चिकटवायचं स्वतःच्या नावाचं नवं चित्रपत्र कोमट पाण्यात भिजत घातलं. ओल्या डिंकाचा वास आला आणि मला एका जागी बसवेना.

"ओमा, काय येरझाऱ्या घालतेस?" ती म्हणाली. आजीला ती जर्मन पद्धतीने ओमा म्हणते.

जर्मनीत एर्लांगेनला आल्यावर मी सायकलींच्या गोदामात कामाला होते. जपानहून कोऱ्या फ्रेम यायच्या. त्यांच्यावर मी जर्मन कंपनीचं नाव चिकटवायचे. धंदाच तसा होता.

एकदा त्या फ्रेम बनवणाऱ्या जपानी कारखान्यातला म्हातारा कारागीर पाहणीला आला. मी नाव सरकवून बसवलं, फडक्याने पाणी टिपलं. तो नळ्यांच्या जोडावरून अंगठा फिरवत राहिला. मला वाटलं, आता चूक काढणार.

"तुमचं नाव?" त्याने मोडक्या जर्मनमध्ये विचारलं.

"सूझी."

"घरी?"

"सुशीला."

त्याला ल जमेना, तरी दोनदा म्हणून पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि गेला. आमच्या गोदामाच्या मुकादमाने माझं खरं नाव म्हणायचा एकदाही प्रयत्न केला नव्हता. सूझी हे नाव त्यानेच पहिल्या दिवशी ठेवलं होतं.

थोड्या वेळाने मुकादम ओरडला, "सूझी, पुढची फ्रेम!" मी मान वर केली नाही. तेव्हा वाटलं, थकले असेन. थकवा कसला, राग होता तो.

"सूझी! झोपलीस का?"

मी फडकं पिळत राहिले. शेवटी त्याला माझ्या टेबलापर्यंत चालत यावं लागलं.