मुलाच्या जागी

एखादा शब्द अडला की काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "थांबा, मूळ बघू."

सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्यात आम्ही दोघे होतो; ते माझे काका नात्याने नव्हे, वयाने. मी हजेरी लिहायचो, ते कापडातले दोष तपासायचे. रविवारी कतारगामच्या आमच्या छोट्या मराठी चर्चमध्ये उपासनेनंतर ते पवित्र शास्त्राचा वर्ग घेत. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक, ती त्यांनी एका म्हाताऱ्या पाळकांकडून हट्टाने शिकून घेतली होती, आणि तिचा सराव कारखान्याच्या बसमध्ये माझ्यावर चाले. तुमच्याही ओळखीचा असा एखादा असेल, ज्याच्या शेजारी बसलं की डुलकी काढता येत नाही.

एकदा वर्गात पौलाच्या पत्रातला 'हुइओथेसिया' हा शब्द आला तेव्हा मात्र ते अडखळले. 'हुइओस' म्हणजे मुलगा, 'थेसिस' म्हणजे ठेवणं, असं सांगून म्हणाले, "मुलाच्या जागी बसवणं." मराठीत सरळ दत्तक म्हणतात की, असं मी म्हटलं, तर त्यांनी पान उलटलं. त्यांची मुलगी, ती नर्स आहे, मागच्या बाकावर होती. तिने विचारलं, मग मुलींचं काय? काका म्हणाले, त्या काळी वारसा बहुतेक मुलाकडे जाई, म्हणून पौलाने तोच शब्द बायकांनाही लावला. कुणाचा हक्क कमी राहू नये. हे सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

का, ते महिन्याभराने कळलं. तिचं लग्न ठरलं होतं आणि चर्चमध्ये तशी सूचना तीन रविवार वाचायची होती. तिसऱ्या रविवारी पाळकांनी वधूच्या वडिलांचं म्हणून काकांचं नाव वाचलं, कोणाची हरकत आहे का विचारलं, आणि नंदुरबारहून आलेले काकांचे थोरले भाऊ उभे राहिले.

"बापाचं नाव चुकलंय. ती मनी पोर शे."

पाळकांच्या हातातला कागद तसाच राहिला. पोर माझी आहे, असं म्हणून भाऊ सांगत गेले. चौथी मुलगीच झाली, म्हणून अकराव्या दिवशी मूलबाळ नसलेल्या या धाकट्याला दिली. आता गावात लोक विचारतात, स्वतःच्या मुलीच्या लग्नात तू पाहुणा कसा?

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

मुलगी उठली. "बाबा, खरं आहे?"

"हो."

"मला कधी सांगणार होतात?"

"रोज ठरवायचो."

ती थोरल्यांपुढे जाऊन उभी राहिली. "मोठे बाबा, दिलंत तेव्हा माझं नाव काय होतं?"

अकरा दिवसांत नाव कुणी ठेवलंच नव्हतं.

"वाचलंय ते राहू द्या," ती पाळकांना म्हणाली आणि एकटीच बाहेर गेली.

लग्नापर्यंत ती काकांशी एक अक्षर बोलली नाही. बसमधला ग्रीकचा सराव बंद पडला. एकदाच काकांनी विचारलं, "लग्नात माझा हात धरून वेदीपर्यंत येईल का रे ती?"

मागच्या वर्षी काका गेले. मला दिसतात ते लग्नाच्या सकाळी चर्चच्या दारात उभे. त्यांनी कोपर पुढे केलं. तिने ते धरलं, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. गुडघेदुखीमुळे काकांना भरभर चालवत नव्हतं. गाणं संपत आलं, समोर नवरामुलगा ताटकळला, तरी तिने एकही पाऊल त्यांच्या पुढे टाकलं नाही.