अण्णांनी शिवलेली पाच पोती

आमच्या घराण्यात ज्वारीतलं कळणारी मी पहिलीच, असा माझा तब्बल पाच महिने समज होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बी.एस्सी. अ‍ॅग्री होऊन मी देशावरच्या एका ज्वारी संशोधन केंद्रावर इंटर्नशिप करत होते. घर जुईनगरला, चौथ्या मजल्यावर. वडील, म्हणजे अण्णा, दाणा मार्केटात माथाडी. मूळचे साताऱ्याकडचे, शाळा चौथीपर्यंत. (हे मी सगळ्यांना मुद्दाम सांगायचे. माझी पदवी जरा उठून दिसायची!)

होळीला घरी येताना मी पाच वाफ्यांतल्या शाळूचे नमुने आणले. ज्वारीची जात एकच, पण एका वाफ्याला दोन पाणी, एकाला थेंबही नाही, एक हलक्या रानातला, एक लवकर काढलेला आणि एक कापणीनंतर अवकाळीत भिजलेला. वाळवून, हजार दाणे मोजून, वजन करून परत न्यायचे होते. केंद्रावरच्या सरांनी बजावलं होतं, "नंबरांचा घोळ झाला तर सर्टिफिकेट विसरा." खरं तर हे काम केंद्रावरही झालं असतं. पण संशोधन म्हणजे काय असतं ते अण्णांना दाखवायची मला हौस!

गच्चीत पाच कागद, त्यांवर पाच ढीग, प्रत्येक ढिगावर नंबराची चिठ्ठी. शेजारच्या काकूंचे पापड मी ऐटीत सरकवले. "काकू, जरा बाजूला घ्या ना, रिसर्च आहे." मग खाली येऊन पुरणपोळी हाणली आणि चक्क झोपले.

उठले तेव्हा दिवस मावळला होता आणि दारात पाच पोती उभी होती. बाळाच्या उशीएवढी! अण्णांनी जुनं बारदान कापून, दाभण-सुतळीनं शिवून, प्रत्येकाला दोन कानसुद्धा काढले होते.

"अण्णा! हे काय केलंत?"

"आगं, माल उघडा टाकून झोपतीस व्हय? कबुतरं उतरली हुती. पाची ढीग येगळं भरल्यात, काळजी करू नगंस."

"आणि चिठ्ठ्या?"

"मालात कागूद ऱ्हाऊ नये म्हून येचून काढल्या. एक बी सोडली न्हाई बघ!"

"कुठायत?"

"खाली होळीत टाकल्या."

मी चार मजले अनवाणी उतरले. होळी मस्त पेटली होती. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "या या, नमस्कार करा!" मी केला. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

वर येऊन मी भोकाड पसरलं. "माझं सर्टिफिकेट गेलं! आता कुठल्या पोत्यात काय, कुणाला कळणार?"

अण्णा मांडी घालून बसले. पहिल्या पोत्यातली मूठभर ज्वारी तळहातावर घेतली, अंगठ्यानं चोळली, एक दाणा दाताखाली धरला.

"ही घाईनं काढलीया. दूध आटायच्या आत." दुसरं पोतं. "हिला कापल्यावर पावसानं गाठलंय. वास बघ." तिसऱ्याला त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आन् ही पान्याला आसुसली गं, बिचारी."

वाफ्यांबद्दल मी त्यांना अवाक्षर सांगितलं नव्हतं. (सांगून त्यांना कळलं असतं का, अशी मला शंका होती!) ते म्हणतील तो वाफा मला फील्ड बुकात सापडत होता. पाचही ओळखले, एकदासुद्धा न अडखळता! जन्मभर ज्यांची मी फक्त ओझ्याखालची पाठ पाहिली होती, त्यांच्या तळहातात अख्खं शिवार होतं. मला इतका अभिमान वाटला, आणि इतकी लाज, की रडायचंही राहून गेलं.

केंद्रावर सरांना सगळं खरं सांगितलं. सरांनी शांतपणे कपाट उघडलं. आत पाचही नमुन्यांचे अर्धे भाग, नंबरांसकट!

"शिकाऊ लोकांच्या हाती सगळा माल देत नसतो आम्ही," ते म्हणाले. मग वजनं केली, भिंगाखाली दाणे जुळवले. अण्णा पाचपैकी पाच. सरांनी पोती उलटसुलट करून मांडली. मग माझ्याकडे वळले. "आता तुम्ही ओळखा."

मीही मूठ घेतली, चोळली, दाणा चावला. एकच बरोबर आला, लवकर काढलेला.

खरं बोलल्याबद्दल असेल, पण सर्टिफिकेट मिळालं. अण्णांनी ते हातात घेतलं, सवयीनं अंगठ्यानं चोळलं, मग माझ्याकडे नीट बघितलं.

"घाईनं काढलंया," म्हणाले.

मी वाद घातला नाही. तेवढा एकच नमुना तर मलाही ओळखता येत होता!