धुराचं तेल

सिमेंटच्या भट्टीशेजारच्या कारखान्यात साहेबांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना वहिनी म्हणत. नवरा तिथे फिटर होता म्हणून पडलेलं ते नाव तो वारल्यावरही तसंच राहिलं.

भट्टीच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनशी त्याची गाठ घालायची आणि विमानाचं इंधन बनवायचं, हे तिथलं काम. लागणारी वीज पवनचक्क्यांची. त्यामुळे वारा सुटला की यंत्रं चालवायला वहिनींना बोलावणं यायचं, मग भरल्या ताटावरून का उठावं लागेना.

त्यांची थोरली बहीण समुद्रापलीकडे मुलाकडे राहायची. आई लवकर गेली, तेव्हा वहिनींना तिनेच लहानाचं मोठं केलं. फोनवर तिचा एकच धोशा असे, "अगं, येतेस कधी?"

वहिनी हसून म्हणायच्या, "ताई, आमच्या तेलावर विमान उडू दे. पहिलं तिकीट माझंच."

पण तेल धड जमेना. कधी वारा पडे, कधी धुरातलं गंधक सगळी प्रक्रिया बिघडवून ठेवी. ताई आधी रुसली, मग तिने विचारणंच सोडलं. आई हल्ली विसरते, असं भाच्याने एकदा कळवलं. चष्मा तर मीही रोज शोधते, असं म्हणून वहिनींनी फोन ठेवला आणि पाळीवर गेल्या.

अखेर नेहमीच्या इंधनात त्यांचं तेल मिसळून विमान उडालं. साहेबांनी आठवणीने वहिनींना तिकीट दिलं. साऱ्या प्रवासात त्या खिडकीतून पंखाकडे बघत होत्या.

ताई बाल्कनीत बसली होती. वहिनींनी तिचा हात हातात घेतला. ताईने अदबीने सरकून जागा करून दिली.

"बसा ना. तुम्ही कुठून आलात?"

जिने उभ्या जन्मात 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती, तिच्या तोंडून 'तुम्ही' ऐकत वहिनी त्या जागेवर टेकल्या. भाचा ओळख करून द्यायला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्या त्याला म्हणाल्या, "ती विचारत होती तेव्हाच यायला हवं होतं रे. माझ्यावाचून कारखाना काही अडला नसता."

भाचा भांडी पुसत राहिला.

वहिनींनी परत जाऊन नोकरी सोडली आणि ताईकडेच राहायला आल्या. तिचे केस विंचरतात, तिला भरवतात, आईच्या गोष्टी सांगतात. ताई आवडीने ऐकते, आणि उठताना म्हणते, "बरं वाटलं. पुन्हा या हं."