मारलं न्हाई, नाडलं

कर्नाटकाच्या हद्दीतल्या, सीमेलगतच्या खजुरीच्या इंदिराबाईचं तीन एकर रान गुंडप्पाच्या रानाच्या पाठीमागं आहे. नवऱ्यानं, बळीरामनं, वीस वर्षं गवंडीकाम करून ते घेतलं. घेताना जुन्या मालकानं बांधावरून जाणारी बैलबंडीची वाट दाखवली होती. कागदावर मात्र ती वाट कुठं उमटली नाही. बळीराम होता तोवर कुणी काही बोललं नाही. तो गेला आणि दुसऱ्याच वर्षी गुंडप्पानं वाटेच्या तोंडाला लोखंडी गेट बसवलं. जनावरं शिरतात म्हणाला. कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

एक गोष्ट मात्र खरी, त्यानं इंदिराबाईला कधी नाही म्हटलं नाही.

"अक्का, वाट तुमचीच हाय की! कवाबी या," म्हणायचा. पण ती पेरणीला ट्रॅक्टर घेऊन आली की गेटाला हात लावून उभा राहायचा. "आज वाट वली हाय अक्का, चाकोऱ्या पडतील. परवा बघू." परवा गेलं की, "तेवढी माझ्या तुरीतली खुरपनी मागं राहिलीय. बाया मिळनात. तुम्ही आलात तर बरं हुईल." ती दोन दिवस त्याच्या रानात खुरपायची, तिसऱ्या दिवशी गेट उघडायचं. मजुरीचं नाव त्यानं काढलं नाही, तिनंही काढलं नाही. पुढं पुढं तर तो काही बोलायचाही नाही. ती आपणच आधी त्याच्या रानात वाकायची, मग आपल्या. अशी सहा वर्षं गेली.

मुलगा बुद्धरत्न पुण्याच्या कारखान्यात. फोनवर म्हणायचा, "आई, टाक की इकून त्यालाच. त्याचीबी तीच इच्छा हाय."

"म्हनून तर इकायचं न्हाई," ती म्हणायची.

यंदा जानेवारीत तिनं तूर कापून गंजी घातली. राशीला मळणी यंत्र सांगून ठेवलं. यंत्र आलं, तर गेटाला कुलूप. गुंडप्पा घरच्यांना घेऊन उमरग्याला लग्नाला गेलेला. फोन लावला तर गोड आवाजात म्हणाला, "आलोच अक्का, उद्या." यंत्रवाला तासभर थांबला आणि दुसऱ्याच्या राशीला गेला. चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस आला. गेटावर चढून ती आत गेली, घरातली ताडपत्री गंजीवर ओढली, पण एकटीच्या हातानं ती वाऱ्याला धरवेना. गंजीच्या आडोशाला ती भिजत बसली. शेंगा काळ्या पडायला दोन दिवसही लागले नाहीत.

पाचव्या दिवशी गुंडप्पा आला, कुलूप उघडलं आणि खरंच हळहळला. "अरारा, अक्का! आधी सांगायचं न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी ती बस धरून आळंदला गेली. तहसीलच्या आवारात अमरनाथ नावाचा माणूस कन्नडमधून अर्ज लिहून देतो. घरी बोलायला मराठी, शिकला कन्नडमध्ये. त्यानं कागद सरळ केला.

"मारलं का त्यानं?"

"न्हाई."

"शिव्या दिल्या?"

"न्हाई बा. अक्का म्हनतोय."

"वाट बंद केली, असं लिवू?"

"बंद कुठं केली? उघडतोय की. त्याच्या मनाला आलं म्हंजे."

अमरनाथनं पेन खाली ठेवलं. "मग तक्रार कशाची मावशी?"

"नाडलं मला," इंदिराबाई म्हणाली.

त्यानं थोडा विचार करून एक ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. इंदिराबाईला कन्नड कळायचं. तिनं तिथंच थांबवलं. "मोसा कामून लिवलास? मोसा म्हंजे फसवनं. फसतंय त्याला ठावं नसतंय. मला सगळं दिसत हुतं रे, सहा वर्षं. डोळं उघडं ठिवून खुरपत हुते मी त्याच्यात."

त्यानं ते खोडून 'असहायक केलं', म्हणजे असहाय केलं, असं लिहिलं.

"मी असहायक कशी? तीन एकर एकटी कसते मी."

"मजबूर केलं?"

"ते आलंय जवळ. पन मजबूर तर पावसानंबी हुतंय मानूस, दुखन्यानंबी हुतंय. नाडतोय तो मानूसच. आपलं अडलेलं त्याला ठावं असतंय, आन् तेवढंच तो धरून बसतोय. धार काढताना वासरू गाईम्होरं बांधत्यात बघ. गाईला कुनी बांधलेलं नसतंय. पन हलती का ती?"

अमरनाथनं नवा कागद घेतला. मग म्हणाला, "मावशी, कन्नडात नाडु म्हंजे देश. असंच लिवलं तर साहेब म्हनतील, ह्या बाईला कुठला देश पायजे?"

दोघंही हसले. त्यानं वाट, गेट, कुलूप, खुरपणीचे दिवस, भिजलेली गंजी असं सगळं ओळीनं लिहिलं आणि शेवटी तिचा शब्द कन्नड लिपीत तसाच टाकून पुढं तीन ओळींत त्याचा अर्थ लिहिला.

पंधरवड्यानं तहसीलदार मॅडम पाहणीला आल्या. त्या हुबळीकडच्या, मराठी येत नव्हती. गेटापाशी निम्मं गाव जमलं. गुंडप्पानं हात जोडले आणि सगळ्यांदेखत विचारलं, "अक्का, खरं सांगा. मी तुम्हाला कधी न्हाई म्हनलो का?"

खोटं बोलणं इंदिराबाईच्यानं होईना, आणि खरं बोलली तर इथंच सगळं संपत होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "कधीच न्हाई."

लोकांत कुजबूज झाली. बरोबरच्या कारकुनानं ते कन्नडमधून सांगितलं, तशी मॅडमनी फाइल मिटायला घेतली. तेवढ्यात इंदिराबाई मोडक्या कन्नडमध्ये म्हणाली, "मॅडम, किल्ली कुनाकडं हाय, तेवढं त्यांना इचारा."

मॅडमनी गुंडप्पाच्या कमरेकडं पाहिलं. मग फाइल उघडून अर्जातलं शेवटचं पान पुन्हा वाचलं. वाटेची मोजणी व्हायची, हुकूम त्यानंतर. तोवर एक किल्ली ह्यांना द्या, असं त्यांनी तोंडी बजावलं. गुंडप्पानं दोन्ही हातांनी किल्ली दिली. हसत दिली.

दहा दिवसांनी ती किल्ली लागेना. "जुनं कुलूप गंजलं हुतं अक्का, नवीन टाकलं," तो पलीकडून म्हणाला. "थांबा, उघडतो. तेवढी आमची खुरपनी..."

"नगं," ती म्हणाली.

ती वळली आणि ओढ्याच्या अंगानं गेली. तो रस्ता दीड कोसाचा, काटेरी, मधे गुडघाभर चिखल. ट्रॅक्टर तिकडून जात नाही. पावसाळा लागला तरी तिनं तूर पेरली नाही, खाण्यापुरती ज्वारी डोक्यावर आणता येईल तेवढीच केली. मोजणीची तारीख दोनदा पुढं गेली आहे. पाऊस झाला की ओढा भरतो, मग दोन दोन दिवस ती घरीच बसून असते. गुंडप्पाच्या रानात मात्र आता ती जात नाही. गुडघे दुखतात, बुद्धरत्न फोनवर रागावतो, आणि गेटापाशी बसलेला गुंडप्पा तिला ओढ्याकडं जाताना बघून अजून हाका मारतो, "अक्का, कामून तरास करून घ्यायलाव?"